ब्राझीलची पहिली रेल्वे घालणारा डिसोझा: बॅरन माउआबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी गेली, हे आपल्याकडे शाळकरी पोरही सांगते. त्यानंतर एक वर्ष आणि चौदा दिवसांनी, ३० एप्रिल १८५४ रोजी, ब्राझीलमध्ये पहिली आगगाडी धावली. ती एका माणसाच्या हट्टातून उभी राहिली होती. रेल्वेच्या इतिहासात रमणाऱ्या मंडळींमध्ये या माणसाचा विषय निघाला की साधारण जे प्रश्न येतात, ते इथे घेतले आहेत.

माउआ हे आडनाव आहे का?

नाही, ते गावाचे नाव आहे. माणसाचे नाव इरिनेउ एवांजेलिस्ता दि सोउझा. गोव्यात, वसईत आणि वांद्र्याला घरोघरी भेटणारे डिसोझा ते हेच. आडनाव दोन्हीकडे पोर्तुगिजांबरोबर पोचले, त्यामुळे त्यात नातेगोते शोधायला जाऊ नये.

माउआ हे रिओ दि जानेरोसमोरच्या ग्वानाबारा खाडीच्या काठावरचे एक छोटे बंदर. पहिली गाडी तिथून सुटली. त्याच दिवशी सम्राट दुसरे पेद्रू यांनी इरिनेउला ‘बॅरन माउआ’ हा किताब दिला आणि पुढे जग त्याला त्याच नावाने ओळखू लागले. १८७४ मध्ये तो व्हायकाउंट झाला. त्यामुळे काही ठिकाणी ‘बॅरन’ तर काही ठिकाणी ‘व्हायकाउंट’ असे वाचायला मिळते, माणूस एकच.

तो श्रीमंत घरातला होता का?

अजिबात नाही. त्याचा जन्म २८ डिसेंबर १८१३ चा, ब्राझीलच्या दक्षिण टोकाला, उरुग्वेच्या सीमेलगतच्या अरोयू ग्रांजी या गावी. तो सगळा गुराढोरांचा मुलूख. इरिनेउ पाच-सहा वर्षांचा असताना गुरे चोरणाऱ्यांनी त्याच्या वडिलांना ठार मारले. काही वर्षांनी आईने दुसरे लग्न केले. सावत्र बापाला आधीची पोरे घरात नको होती. बहिणीचे कोवळ्या वयातच लग्न लावून दिले आणि नऊ वर्षांच्या इरिनेउला जहाजावर कप्तान असलेल्या मामाच्या हवाली केले. मामाने त्याला रिओला आणून सोडले.

अकराव्या वर्षी तो पेरेइरा दि आल्मेइदा नावाच्या पोर्तुगीज व्यापाऱ्याच्या पेढीवर नोकर म्हणून लागला. हा व्यापारी इतर मालाबरोबर गुलामांचाही व्यापार करी. पोरगा हिशेबात इतका पक्का निघाला की पंधराव्या वर्षी पेढीच्या वह्या त्याच्या हातात होत्या. मग मालकाचे दिवाळे निघाले. सर्वांत मोठा सावकार होता रिचर्ड करुथर्स नावाचा स्कॉटिश व्यापारी. त्याने येणे वसूल करता करता हा हिशेबनीस पोरगाही आपल्याकडे घेतला.

माउआच्या आयुष्याला खरे वळण इथे मिळाले. करुथर्सने त्याला इंग्रजी शिकवले, इंग्रजी पद्धतीची जमाखर्चाची वही शिकवली आणि तेविसाव्या वर्षी धंद्यात भागीदार केले. पुढे स्वतः मायदेशी निघून जाताना रिओची पेढी त्याच्यावर सोपवली. आपल्याकडे पेढीवरचा मुनीम मालक झाल्याच्या गोष्टी असतात, तशीच ही. फक्त इथल्या मुनिमाचे वय ऐकून थबकायला होते.

व्यापारी माणूस रेल्वेकडे कसा वळला?

१८४० मध्ये तो इंग्लंडला गेला. तिथले लोखंडाचे कारखाने, भट्ट्या आणि धावत्या आगगाड्या बघून आला आणि आयात-निर्यातीच्या धंद्यातून त्याचे मन उडाले. मोठी नफ्याची पेढी हळूहळू आवरून त्याने १८४६ मध्ये खाडीपलीकडच्या नितेरॉयला पोन्ता दा आरेइया येथील ओतशाळा आणि जहाजबांधणीचा कारखाना विकत घेतला. रिओच्या पाणीपुरवठ्याचे नळ, बॉयलर, तोफा, दिव्यांचे खांब, वाफेची जहाजे असे सगळे तिथे होऊ लागले. अकरा वर्षांत बहात्तर जहाजे बांधली गेली.

दोन गोष्टी त्याच्या पथ्यावर पडल्या. १८४४ मध्ये सरकारने परदेशी मालावरची जकात वाढवली होती, त्यामुळे देशी कारखान्याला श्वास घ्यायला जागा मिळाली. दुसरे म्हणजे १८५० मध्ये आफ्रिकेतून गुलाम आणण्यावर कायद्याने खरोखरची बंदी आली. त्या व्यापारात खेळणारा पैसा एकाएकी मोकळा झाला. तो कुठे लावायचा हे श्रीमंतांना कळेना, आणि माउआकडे योजनांची कमी नव्हती. १८५१ मध्ये त्याने बँक काढली, नाव ठेवले बँक ऑफ ब्राझील. दोन वर्षांत सरकारने ती दुसऱ्या बँकेत मिसळून आपल्या हाताखाली घेतली. त्याने १८५४ मध्ये दुसरी काढली.

पहिली रेल्वे नेमकी कुठून कुठे होती?

रिओचा उन्हाळा म्हणजे घाम आणि पिवळा ताप. त्यामुळे दरबार आणि सधन लोक डोंगरावरच्या पेत्रोपोलिसला जाऊन राहत. वाट अशी: बोटीने खाडी ओलांडायची, मग दलदलीतून खेचरांच्या तांड्याबरोबर डोंगराच्या पायथ्याशी पोचायचे आणि तिथून घाट चढायचा. माउआने मधला सपाटीचा तुकडा पकडला. त्याचीच कंपनी प्रवाशांना रिओहून बोटीने माउआ बंदरात आणी आणि तिथून गाडीने पायथ्याकडे नेई. बोट आणि रेल्वे एकाच कंपनीची, हे त्या काळाच्या मानाने फार हुशारीचे होते.

कामाचा मुहूर्त २९ ऑगस्ट १८५२ रोजी झाला. सम्राटाच्या हातात चांदीचे फावडे दिले होते आणि माती वाहायला शिसवी लाकडाची ढकलगाडी. सम्राटाने माती उकरून ढकलगाडीत टाकली. स्वतःच्या हाताने काम करणे हे त्या देशात गुलामांचे लक्षण मानले जाई, त्यामुळे हा प्रसंग दरबारी मंडळींना रुचला नाही आणि खुद्द सम्राटही मनातून दुखावला, अशी दंतकथा ब्राझीलमध्ये अजून सांगतात. मला स्वतःला ती नंतर रचलेली वाटते. पेद्रूला यंत्रांचे आणि विज्ञानाचे भारी वेड होते.

वीस महिन्यांनी गाडी सुटली. पहिला टप्पा साडेचौदा किलोमीटरचा, माउआ बंदर ते फ्रागोझो. इंजिन मँचेस्टरच्या विल्यम फेअरबर्न यांच्या कारखान्यात १८५२ मध्ये बनवलेले. सम्राट-सम्राज्ञींना घेऊन ते अंतर गाडीने तेवीस मिनिटांत कापले. त्या दिवशी माउआ बॅरन झाला, म्हणजे त्याची बायको बॅरोनेस झाली. इंजिनाचे ‘बारोनेझा’ हे नाव तिच्यावरून. डिसेंबर १८५६ मध्ये रूळ थेट डोंगराच्या पायथ्यापर्यंत, हाइस दा सेहा म्हणजे ‘डोंगराचे मूळ’ नावाच्या स्थानकापर्यंत पोचले.

मुंबई–ठाणे रेल्वेशी याचे काही साम्य आहे का?

आहे, आणि एक फरकही आहे. साम्य रुळांत आहे, फरक पैशात.

साम्य असे की माउआच्या रेल्वेचे गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, साडेपाच फूट होते, म्हणजे १.६७६ मीटर. आपले ब्रॉडगेज तेच.

फरक मात्र मूळ कथेला भिडणारा आहे. मुंबई–ठाणे मार्ग घालणाऱ्या जी.आय.पी. रेल्वे कंपनीच्या भागधारकांना ईस्ट इंडिया कंपनीने पाच टक्के परताव्याची हमी दिली होती. गाडी रिकामी धावली तरी लंडनच्या भागधारकाला त्याचे व्याज मिळणार. तूट भरायची ती हिंदुस्थानच्या महसुलातून. ही पद्धत आपल्याला किती महागात पडली हे दादाभाईंच्या काळापासून लिहिले-बोलले जात आहे. माउआला अशी कसलीच हमी नव्हती. रिओ प्रांताशी त्याचा करार २७ एप्रिल १८५२ रोजी झाला. त्यात मार्गाची मक्तेदारी होती, व्याजाची हमी नव्हती. आणि नशीब बघा: जेमतेम दोन महिन्यांनी, २६ जून १८५२ रोजी, ब्राझील सरकारने रेल्वे कंपन्यांना पाच टक्क्यांपर्यंत व्याजाची हमी देणारा कायदा केला. तो कायदा पुढच्यांच्या कामी आला. पहिली रेल्वे घालणारा कोरडाच राहिला.

मग ती रेल्वे फायद्यात चालली का?

नाही. डोंगराच्या पायथ्याशीच थांबलेली एवढीशी रेल्वे किती कमावणार? माउआच्या डोक्यात ती सुरुवात होती. डोंगर चढून मीनास जेराइसच्या कॉफीच्या मळ्यांपर्यंत आणि पुढे आतल्या नद्यांपर्यंत जायचे, असा बेत होता. पण सरकारने हमीच्या जोरावर रिओहून थेट आत जाणारी दुसरी रेल्वे उभी केली. दों पेद्रू दुसरे या नावाची ती रेल्वे १८५८ मध्ये सुरू झाली. कॉफीला रिओच्या गोदीपर्यंत विनाखंड रूळ मिळाल्यावर ती गाडीतून बोटीत आणि बोटीतून गोदीत अशी चढउतार कोण करणार? सरकारी हमीवर उभी असलेली ती कंपनीही पैशाच्या ओढाताणीत सापडली, आणि १८६५ मध्ये सरकारने ती सरळ ताब्यात घेतली. सरकार स्वतःलाच वाचवू शकत होते. माउआला वाचवायला कोणी नव्हते.

त्याच्या रेल्वेचा डोंगरावरचा राहिलेला टप्पा शेवटी १८८३ मध्ये झाला, दातेरी रुळांच्या साहाय्याने. तोही दुसऱ्या कंपनीने घातला.

त्याने एवढी एकच रेल्वे घातली का?

नाही. रेसिफे आणि बाइया इथल्या रेल्वेंसाठी भांडवल जमवायला त्याने मदत केली. पण खरी गोष्ट आहे ती सांतुस–जुंदियाइ रेल्वेची, म्हणजे साओ पाउलो रेल्वेची. त्याच्या आयुष्यातली सर्वांत मोठी करामत तीच आणि सर्वांत खोल जखमही तीच.

साओ पाउलोची कॉफी पठारावर पिकायची आणि सांतुस बंदर खाली समुद्राला. मध्ये सेहा दू मार ही डोंगरांची भिंत. आपली सह्याद्रीची धार डोळ्यांसमोर आणा: तसेच धुके, तसाच मुसळधार पाऊस, तसेच सरळसोट कडे. फक्त तिथे समुद्र कड्याच्या आणखी जवळ. १८५६ मध्ये माउआने दोन वजनदार राजकारण्यांना बरोबर घेऊन या मार्गाचा परवाना मिळवला. या वेळी हमी होती, सात टक्क्यांची: पाच केंद्राचे, दोन प्रांताचे. त्या हमीवर लंडनमध्ये कंपनी उभी राहिली. जेम्स ब्रनलीस आणि डॅनियल फॉक्स हे इंजिनिअर ठरले.

बोरघाटात आपल्याकडे १८६३ मध्ये गाडी वर चढली ती इंजिनाच्या बळावर, सदतीस फुटांना एक फूट असा चढ ठेवून आणि मध्ये गाडीची दिशा उलटवणारे स्थानक बांधून. आजही कर्जतला बँकर, म्हणजे मागून ढकलणारी, इंजिने लागतात ती त्या चढाचीच देणगी. सेहा दू मारला फॉक्सने वेगळी युक्ती केली. सुमारे आठशे मीटरची उंची आठ किलोमीटरमध्ये गाठायची, म्हणजे दहाला एक असा चढ. तो चार उतारांत विभागला. प्रत्येक उताराच्या माथ्यावर एका जागी पक्के बसवलेले वाफेचे यंत्र, आणि तारेच्या दोरखंडाच्या दोन टोकांना दोन गाड्या: एक उतरताना दुसरीला वर ओढायला मदत करायची. विहिरीवरच्या रहाटाला दोन बादल्या लावाव्यात, तसेच. १६ फेब्रुवारी १८६७ रोजी एकशे एकोणचाळीस किलोमीटरची ही रेल्वे खुली झाली.

त्यात माउआची जखम कुठली?

काम चालू असताना ठेकेदार कंपनी, रॉबर्ट शार्प आणि मंडळी, पैशात अडली. रेल्वे कंपनी लंडनमध्ये, काम डोंगरात, आणि पावसात दरडी कोसळत होत्या. काम थांबू नये म्हणून माउआने आपल्या बँकेतून ठेकेदाराला रक्कम पुरवली. रेल्वे पुरी झाल्यावर त्याने रेल्वे कंपनीकडे पैसे मागितले. कंपनीने हात वर केले.

तो कोर्टात गेला. खटला वर्षानुवर्षे चालला. १८७७ मध्ये ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कंपनी इंग्रज आहे, तेव्हा दाद लंडनला मागावी. तोपर्यंत इंग्रजी कायद्याप्रमाणे दाव्याची मुदत उलटून गेली होती. सुमारे सहा लाख पौंड बुडाले.

ही रेल्वे मात्र सोन्याची खाण ठरली. साओ पाउलोची सगळी कॉफी तिच्यावरून सांतुसला उतरायची. दुसरी वाटच नव्हती. १९४६ मध्ये नव्वद वर्षांची मुदत संपेपर्यंत ती इंग्रज कंपनीच्याच हातात राहिली.

माझे मत विचाराल तर माउआची सगळी कहाणी या दोन रेल्वेंत आहे. ज्या रेल्वेला हमी नव्हती ती त्याच्या मालकीची होती. ज्या रेल्वेला हमी होती ती त्याच्या पैशातून पुरी झाली, आणि दुसऱ्यांची झाली.

ट्रामशी त्याचा काय संबंध?

इथेही तीच चाल दिसते, फक्त धाकट्या प्रमाणात.

रिओत १८५९ मध्ये डॉ. थॉमस कॉक्रेन नावाच्या होमिओपॅथने तिजुकाकडे जनावरांनी ओढायची ट्राम काढली होती. पुढे तिला वाफेचे इंजिन जोडले. पण ती टिकली नाही. शहराच्या दक्षिणेला, बोटॅनिकल गार्डनपर्यंत रूळ टाकण्याचा दुसरा परवाना १८५६ मध्येच निघाला होता. तो फिरत फिरत माउआकडे आला. पण तोपर्यंत त्याचे हात इतक्या ठिकाणी अडकले होते की ट्रामला पैसा उरला नाही. त्याने परवाना ग्रीनो या अमेरिकी माणसाला विकला. ९ ऑक्टोबर १८६८ रोजी खेचरांनी ओढलेली पहिली गाडी धावली आणि बघता बघता ही कंपनी शहरातली सर्वांत फायदेशीर कंपन्यांपैकी एक झाली. बोताफोगू, लारांजेइरास, पुढे कोपाकाबाना: ट्रामचे रूळ जिकडे गेले तिकडे शहर गेले. विजेची ट्रामही १८९२ मध्ये रिओत सगळ्यांत आधी याच कंपनीने चालवली.

आपल्याकडचा योगायोग असा की मुंबईतही घोड्यांच्या ट्रामचा पहिला परवाना १८६५ मध्ये एका अमेरिकी कंपनीनेच मागितला होता. अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, शेअर बाजार बुडाला आणि ते राहून गेले. मुंबईत ट्राम आली ती ९ मे १८७४ रोजी.

ब्राझीलमध्ये ट्रामला ‘बोंजी’ का म्हणतात?

याचे जे स्पष्टीकरण बहुतेक लोक सांगतात ते असे: त्या काळी सुट्या पैशांची टंचाई होती, म्हणून कंपनीने तिकिटांच्या छापील चिठ्ठ्या काढल्या आणि त्यांना इंग्रजीत ‘बाँड’ म्हटले. लोकांनी चिठ्ठीचे नाव गाडीला चिकटवले. आपण ‘स्टँड’वरून यष्टी पकडतो तसलाच हा प्रकार.

रेल्वे-ट्रामखेरीज त्याने काय काय केले?

यादी लांब आहे, मोजकेच सांगतो. रिओत माशाच्या तेलावर जळणाऱ्या दिव्यांच्या जागी गॅसचे दिवे आणले, ते २५ मार्च १८५४ रोजी प्रथम लागले. शहरातली मांगी नावाची दलदल उपसून कालवा काढला. अ‍ॅमेझॉनमध्ये वाफेच्या बोटी सुरू केल्या. युरोपशी समुद्राखालून तारायंत्र जोडण्याचा परवाना मिळवून तो इंग्रज कंपनीला एक पैसाही न घेता दिला. १८७४ मध्ये तार जोडली गेली आणि व्हायकाउंटचा किताब त्याबद्दल मिळाला. उरुग्वेत बँक, सुकी गोदी आणि गुरांची मोठी जमीन होती. १८५० च्या सुमारास वेढ्यात सापडलेल्या मोंतेविदेओच्या सरकारला ब्राझीलच्या परराष्ट्रमंत्र्याच्या सांगण्यावरून त्यानेच गुपचूप पैसा पुरवला होता.

तो खरोखर ब्राझील सरकारपेक्षा श्रीमंत होता का?

हे वाक्य फार फिरते. १८६७ मध्ये त्याच्या सगळ्या उद्योगांची मालमत्ता एक लाख पंधरा हजार कोंतु होती आणि त्या वर्षी साम्राज्याचा अर्थसंकल्प सत्त्याण्णव हजार कोंतु, असे सांगतात. एक कोंतु म्हणजे दहा लाख रेइस. आकडे खरे धरले तरी तुलना फसवी आहे. मालमत्तेत लोकांनी बँकेत ठेवलेला पैसाही येतो. तो त्याचा नव्हता, त्याच्याकडे होता. पुढे दिवाळे निघाले ते नेमके या फरकामुळेच. शिवाय वर्षाचा खर्च आणि आयुष्यभराची मालमत्ता यांची तुलना म्हणजे पगार आणि घराची किंमत एकाच ओळीत मांडण्यासारखे.

गुलामगिरीबद्दल त्याची भूमिका काय होती?

तो गुलामगिरीच्या विरोधात होता आणि मोलाने काम करणाऱ्या मजुरांवर धंदा उभा राहू शकतो असे तो सांगे. हे त्याच्या चाहत्यांना फार आवडते. पण नितेरॉयच्या कारखान्यात पगारी कामगारांबरोबर गुलामही राबत होते. ब्राझीलने गुलामगिरी १८८८ मध्ये, उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या देशांत सर्वांत शेवटी, संपवली. त्या समाजात राहून हात पूर्ण स्वच्छ ठेवलेला उद्योगपती शोधून सापडणार नाही, माउआही नव्हता.

दिवाळे कसे निघाले?

एका घावात नाही. १८५७ मध्ये नितेरॉयच्या कारखान्याला आग लागली. तो पुन्हा उभा केला, तर १८६० मध्ये जकात खाली आली आणि इंग्रजी माल स्वस्त झाला. त्याच वर्षी सरकारने असा कायदा केला की भागभांडवलाची कुठलीही कंपनी काढायची तर सरकारची परवानगी हवी. त्याआधी, १८५४ मध्ये, त्याने नव्या बँकेचे भाग सर्वांना विकण्याची सोय केली होती. सरकारने ती फर्मान काढून बंद पाडली होती. त्यामुळे बँकेच्या बुडिताची जबाबदारी शेवटी त्याच्या स्वतःच्या डोक्यावर आली. उरुग्वेतल्या राजकारणाने तिथली बँक खाल्ली. साओ पाउलो रेल्वेचे येणे आले नाही.

१८७५ मध्ये त्याने बँक ऑफ ब्राझीलकडे कर्ज मागितले. १८५१ मध्ये त्या नावाची बँक त्यानेच काढली होती, हे लक्षात घ्या. नकार आला. त्याने तीन वर्षांची मुदत मागून घेतली आणि मुदत संपल्यावर १८७८ मध्ये दिवाळखोर जाहीर झाला. त्याच वर्षी त्याने धनकोंसाठी एक लांबलचक निवेदन छापले: आपण कुठे पैसा घातला, कुठे बुडाला, कोणी बुडवला. त्याच्याबद्दल आज जे माहीत आहे त्यातले बरेच त्या निवेदनातले आहे. म्हणून ते वाचताना एक गोष्ट डोक्यात ठेवावी: ते स्वतःच्या खटल्यात दिलेले साक्षीदाराचे बयाण आहे.

मग त्याने मळे, वाडे, भाग, सगळे विकून देणी फेडली. १८८४ मध्ये कोर्टाने त्याचे नाव स्वच्छ केले. सत्तरीत तो पुन्हा दलालीच्या छोट्या धंद्यावर बसला.

सम्राटानेच त्याला बुडवले, हे खरे का?

ब्राझीलमध्ये ही आवडती मांडणी आहे: एकीकडे कॉफीचे जमीनदार आणि सुस्त दरबार, दुसरीकडे एकटा उद्यमी. यात तथ्य आहेच. पण किताब त्याच सम्राटाने दिले, परवानेही त्याच राज्यात मिळाले. सरकारने मुद्दाम बुडवले असे म्हणण्यापेक्षा, सरकारने धोका कुणी घ्यायचा हे ठरवताना त्याला दर वेळी चुकीच्या बाजूला उभे केले, असे मी म्हणेन. आणि तोही तिथे आपणहून जाऊन उभा राहिला. एका बँकेच्या पैशावर रेल्वे, गॅस, बोटी, दुसऱ्या देशाचे कर्ज आणि ठेकेदाराची उचल, हे सगळे एकदम चालवणारा माणूस हिशेबात कितीही पक्का असला तरी एका खराब वर्षाच्या अंतरावर उभा असतो.

आपल्या नाना शंकरशेटांशी त्याची तुलना करता येईल का?

अर्धीच. दोघांनीही आगगाडी येण्याआधी आगगाडीचा ध्यास घेतला. नानांनी १८४५ मध्ये जमशेटजी जीजीभॉयांबरोबर रेल्वेसाठी संघटना उभी केली आणि पुढे ते जी.आय.पी.च्या संचालकांत होते. पण नाना पिढीजात सधन, पारतंत्र्यातल्या शहरात राहणारे. रेल्वे त्यांनी आणवली. मालकी आणि हमी इंग्रजांची. माउआ स्वतंत्र देशाचा नागरिक, पार्लमेंटचा सदस्य, आणि रेल्वेचा मालक. नानांच्या वाट्याला तोटा आला नाही, माउआच्या वाट्याला नफा आला नाही.

घरसंसार?

१८४१ मध्ये त्याने मारिया जोआकिना हिच्याशी लग्न केले. ती त्याच्या सख्ख्या बहिणीची मुलगी, म्हणजे भाची. आपल्याकडे हे ऐकून भुवया उंचावतील, कर्नाटकात-आंध्रात उंचावणार नाहीत. इंग्रजी वळणाने तो तिला ‘मे’ म्हणे. मुले पुष्कळ झाली, त्यातली कित्येक लहानपणीच गेली.

त्याचा मृत्यू कधी झाला?

२१ ऑक्टोबर १८८९ रोजी, पेत्रोपोलिसला. शव रिओला नेऊन पुरले. पंचवीस दिवसांनी, १५ नोव्हेंबरला, ब्राझीलमध्ये राजेशाही संपली आणि पेद्रूला देश सोडावा लागला.

आज त्याच्या खुणा कुठे पाहायला मिळतात?

रिओच्या बंदरात त्याच्या नावाचा चौक आहे, प्रासा माउआ. पेत्रोपोलिसला जाणाऱ्या त्याच्या बोटी याच भागातून सुटत. चौकात त्याचा पुतळा आहे. २०१६ पासून शहराची नवी ट्रामही इथूनच जाते, म्हणजे जो परवाना त्याने विकला त्याची पणती रोज त्याच्या समोरून ये-जा करते. साओ पाउलोजवळ माउआ नावाचे शहर आहे. ते सांतुस–जुंदियाइ मार्गावरच आहे. पठाराच्या कडेवर पारानापियाकाबा हे रेल्वे कामगारांसाठी वसवलेले लाकडी घरांचे गाव आहे. धुक्याच्या दिवसांत लोणावळ्याची आठवण येईल असे. ३० एप्रिल हा ब्राझीलमध्ये रेल्वे कामगारांचा दिवस म्हणून पाळतात.

बारोनेझा इंजिन आणि ती पहिली रेल्वे अजून आहे का?

इंजिन आहे. १९५४ मध्ये रेल्वेला शंभर वर्षे झाली तेव्हा ते राष्ट्रीय वारसा ठरले. ते रिओच्या एंजेन्यू दि देंत्रू भागातल्या रेल्वे संग्रहालयाचे. त्याच वर्षी खाडीकाठचे मूळ स्थानकही वारसा म्हणून नोंदले गेले. रेल्वे मात्र १९६० च्या दशकात बंद पडली. साडेपाच फुटी गेज तर ब्राझीलने त्याच्या कितीतरी आधी सोडले. आता तिथे मुख्यतः एक मीटर आणि १.६ मीटर अशी दोन गेजे चालतात. बारोनेझा पहिल्यांदा ज्या मापाच्या रुळांवर धावली ते बघायचे असेल तर ठाणे स्थानकाच्या कुठल्याही फलाटावरून खाली वाकून पाहावे.